राखाडी चित्राबरोबर कोणती वाइन?

पत्र

नमस्कार. आम्ही दोघं बँकेतून निवृत्त झालो, नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईत जहांगीरला एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन नुसतं बघायला म्हणून गेलो आणि चित्र घेऊनच परतलो. चार फूट बाय तीन फूट. सगळं राखाडी, सुरीने थापलेला जाड रंग, आणि खाली उजवीकडे लिंबाएवढा एक पिवळा ठिपका. नाव नाही, ‘शीर्षकहीन’. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हे काय आहे?’ आम्हाला सांगता येत नाही. सासूबाई (वय ८२) म्हणतात, ‘त्र्यंबकचा पाऊस आहे.’

आता पुतण्या फ्रान्सहून आलाय. त्याने शॅम्पेन आणलीय, २०१३ सालची, ‘ब्लां द ब्लां’. डिसेंबरात आमच्या लग्नाला ४० वर्षं होतील, तेव्हा आम्ही धरून आठ जणांनी चित्रासमोर ती उघडायची, अशी त्याची टूम आहे. चित्राचं आणि वाइनचं ‘पेअरिंग’ म्हणे. पण त्याच्या मते ही वाइन पिवळ्या, उजळ चित्राबरोबर शोभते, आमच्या चित्राशी तिचं जमायचं नाही. मग राखाडी चित्राबरोबर कोणती वाइन घ्यावी? आम्हाला दोन्हींतलं काही कळत नाही, चारचौघांत फजिती तर होणार नाही ना? आणि सासूबाई घेत नाहीत, त्यांच्या हातात काय द्यायचं?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

आधी एक गंमत. राखाडी वाइन खरंच असते! फ्रान्समध्ये अगदी फिक्या गुलाबी वाइनच्या एका प्रकाराला ‘व्हँ ग्री’ म्हणतात, म्हणजे शब्दशः करडी वाइन. रंगाला रंगच लावायचा असेल तर पुतण्याला ती आणायला पिटाळा. पण मग ते पैठणीवर मॅचिंग बांगड्या घेण्यासारखं होईल. बांगड्या छान दिसतील, पैठणीबद्दल मात्र काही कळणार नाही.

पुतण्याचा घोटाळा इथेच झालाय. त्याचा दोष नाही, डोळा जिभेवर दादागिरी करतोच. बोर्दो विद्यापीठात वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना दिली. वाइन तीच, पण पोरांनी तिचं वर्णन करायला सगळे लाल वाइनचे शब्द वापरले. शिकलेल्या नाकांची ही गत, तर तुमच्या-माझ्या नाकाचं काय घेऊन बसलात! पिवळ्या चित्रासमोर उभं राहून लिंबाचा वास येतोय असं कुणी म्हणालं, की तो वास ग्लासातून आला की भिंतीवरून, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

अशा एका ‘पेअरिंग’च्या संध्याकाळी मी मुंबईतल्या एका हॉटेलात गेले होते. पाच चित्रं, पाच ग्लास, प्रत्येकी सात मिनिटं. लाल चित्राबरोबर लाल वाइन, सोनेरीबरोबर सोनेरी. एका गोल ठिपक्याच्या चित्राबरोबर बुडबुड्यांची वाइन होती. का, तर बिंदू आणि बुडबुडा! बिचाऱ्या चित्रकार सैयद हैदर रझांनी बिंदूत आयुष्य घातलं ते काय यासाठी? तिसऱ्या चित्रापर्यंत सगळे जण बशीतल्या चीजकडे बघायला लागले होते, मीसुद्धा.

तेव्हा रंग बाजूला ठेवू आणि तुमच्या बाटलीत काय आहे ते बघू.

‘ब्लां द ब्लां’ म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची शॅम्पेन, जवळजवळ नेहमीच शार्दोने जातीच्या द्राक्षांची. शॅम्पेन प्रांतातल्या उत्तम शार्दोनेच्या बागा खडूच्या जमिनीत आहेत. खडू म्हणजे आपल्या फळ्यावरचा खडूच समजा, करडा-पांढरा आणि पाणी धरून ठेवणारा. रँस शहराच्या पोटात त्याच खडूच्या जुन्या खाणी आहेत. तिथे बारा महिने दहा-बारा अंश थंडावा असतो आणि लाखो बाटल्या अंधारात पडलेल्या असतात. आधी साधी, बुडबुडे नसलेली वाइन करायची, मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. यीस्ट आतल्या आत साखर खातं, वायू सोडतं, आणि त्या वायूला जायला जागाच नसते. काम झालं की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. खरी गोष्ट पुढे आहे. त्या मेलेल्या यीस्टवर वाइन महिनोन् महिने निजते आणि त्याची चव हळूहळू पीत राहते. साल न लिहिलेल्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने ठेवावं लागतं, साल लिहिलेल्या तुमच्यासारख्या बाटलीला किमान तीन वर्षं, असा तिथला नियम आहे. शेवटी बाटलीच्या मानेत गोळा केलेला गाळ गोठवून उडवतात आणि बूच लावतात.

म्हणून अशा वाइनला नुसतं फळ लागत नाही. सकाळी बेकरीवरून जाताना भट्टीतून निघालेल्या टोस्टचा वास येतो ना, तसा वास असतो. थोडा भाजलेल्या बदामाचा. जरा जड, मुरलेला, करडा म्हणा हवं तर. आणि त्या सगळ्यातून एक आंबट रेघ सरळ जाते, लिंबाच्या सालीसारखी. ती नसती तर वाइन बसकी लागली असती. गरम वरणभातावर लिंबू पिळतो, तेव्हा आपण भात पिवळा करत नसतो, वरणाला जागं करत असतो.

आता चित्राकडे बघा. चार फुटांचं राखाडी, थरावर थर, आणि खाली एक लिंबाएवढा पिवळा. तुम्ही स्वतःच ‘लिंबाएवढा’ लिहिलंय, मी तोंडात घातलेलं नाही! पुतण्याने चित्रात पिवळा किती चौरस इंच आहे ते मोजलं आणि कमी भरला म्हणून नापास केलं. तो पिवळा तिथे काय करतोय, हे त्याने बघितलं नाही. वरणातलं लिंबू करतं तेच तो करतोय. एक दिवस त्यावर अंगठा धरून बघा, चित्रापासून लांब उभं राहून, एक डोळा मिटून. पिवळा झाकला की राखाडी नुसता ओल्या भिंतीसारखा दिसेल. अंगठा काढला की पुन्हा हलेल. माझ्या मते तुमच्या शॅम्पेनला याहून जवळचं चित्र शोधूनही मिळायचं नाही. बाटली बदलू नका.

दुसरं साम्य आहे वेळेचं. वासुदेव गायतोंडे यांचं चित्र कधी समोरासमोर बघितलंत का? जन्म नागपूरचा, १९२४चा. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे. रोलरने रंग चढवायचा, सुरीने ओढायचा, कागद चिकटवून उचलायचा, पुन्हा चढवायचा. पहिल्या मिनिटाला एकच रंग दिसतो. पाचव्या मिनिटाला आतले थर वर यायला लागतात आणि आपण मघाशी काय बघत होतो असा प्रश्न पडतो. तुमच्या तरुण चित्रकाराची त्यांच्याशी तुलना करत नाही, पण सुरीने थापलेल्या चित्राची बघण्याची रीत हीच. मुरलेली वाइनही तशीच असते. फ्रीजमधून काढल्या काढल्या ती नुसती थंड आणि टोकदार लागते. ग्लासात दहा मिनिटं गेली, आठ अंशांवरून बारावर आली, की बेकरी उघडते.

तेव्हा तुमचं ‘पेअरिंग’ घड्याळाचं करा. डिसेंबरात नाशिकला सहाच्या आसपास सूर्य मावळतो. पाहुण्यांना पाचला बोलवा, साडेसातला नको. पहिला ग्लास उजेडात आणि दुसरा दिव्यात, असं झालं पाहिजे. हॉलमधली ट्यूब बंद ठेवा. ती राखाडीचा सिमेंट करते. चित्रावर एकच पिवळसर एलईडी वरून तिरपा पडू द्या. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० किंवा वर असलेला घ्या. तिरप्या उजेडात सुरीच्या कडांच्या बारीक सावल्या पडतात. दिवसा सपाट दिसणारा भाग संध्याकाळी उठून येतो. माझ्या घरी एक चित्र सहा वर्षं टांगलेलं होतं. एकदा वीज गेली, मेणबत्ती घेऊन समोरून जाताना त्यात एक पायवाट आहे हे मला पहिल्यांदा दिसलं.

पाचच्या उजेडात मात्र शॅम्पेन उघडू नका. आठ जणांत ७५० मिलीची बाटली म्हणजे माणशी नव्वद मिली. लोक गप्पांत ती संपवतील आणि चित्राकडे पाठ करून संपवतील. आधी नाशिकची एक ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कमी गोड वाइन, उघडा. तुम्ही राहता कुठे, गंगापूर रोडला! तुमच्या दारातून गंगापूर धरणाकडे जाणारी वाट सुला वाइनरीच्या बागांवरून जाते. दिंडोरीला मोएट हेनेसीवाल्यांनी २०१३पासून शाँदाँ नावाची अशीच वाइन बाजारात आणली. बुडबुड्यांची वाइन आपल्याकडे त्याही आधीपासून आहे. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राने ती केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली, तेव्हा महाराष्ट्रात द्राक्ष म्हणजे खायचं किंवा बेदाण्याचं.

नाशिकच्या ब्रूटमध्ये बहुधा शेनँ ब्लाँ जातीचं द्राक्ष असतं. द्राक्षं साखर पुरती भरायच्या आधी तोडतात, म्हणजे आंबटपणा टिकतो. तोडणीही शक्यतो रात्री किंवा पहाटे. ती वाइन हलकी, फळाची, बोलकी असते. तिला गप्पा मानवतात, उजेड मानवतो. सुधीर पटवर्धनांची ठाण्या-कल्याणची, लोकलची, रस्त्यावरच्या माणसांची चित्रं असतात ना, तशा गर्दीच्या चित्रासमोर मी हीच घेईन. त्या चित्रात प्रत्येक माणूस आपापल्या कामाला निघालेला असतो, त्याच्यापुढे टोस्टच्या वासाची मुरलेली वाइन म्हणजे जरा पोक्तपणाच झाला. सूर्य मावळला, दिवा लागला, की मग तुमची २०१३.

बाटलीवरचा ‘ब्रूट’ बघून घ्या. त्यात लिटरमागे बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. हे कुणी ठरवलं देव जाणे.

आता बूच, कारण चित्र समोर आहे. त्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांचा दाब असतो, तुमच्या गाडीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. फ्रान्समध्ये शांतिईच्या संग्रहालयात जाँ-फ्राँस्वा द त्रुआ याचं १७३५चं एक चित्र आहे, कालवांच्या मेजवानीचं. पंधराव्या लुईने व्हर्सायच्या जेवणघरासाठी करून घेतलेलं. मेजावर कालवं आहेत, नोकर धावतायत, आणि काही मंडळी माना वर करून हवेत उडालेलं बूच बघतायत! चित्रात शॅम्पेन आली तीच मुळी बूच उडवत आली. तिथे शोभलं, तुमच्या हॉलमध्ये शोभणार नाही. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी हे डोळ्यांनी बघितलंय. बाटली कोमट होती, उघडणारे गृहस्थ भाषण करत होते, आणि बूच गेलं ते थेट एका जलरंगाच्या काचेवर. काच तडकली. चित्रकार हसला, पण त्याचं हसू मला अजून आठवतं.

तर, बाटली चार तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास. नुसता बर्फ नको, पाणी हवंच. तार सोडवायला सहा अर्धे वळसे लागतात. तार ढिली झाल्या क्षणापासून बुचावरचा अंगठा काढायचा नाही. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, बूच नाही. आवाज ‘फट्’ नको, उसासा टाकल्यासारखा ‘फस्स’ हवा. पुतण्याला धडाका करायचाच असेल तर त्याला बाहेर गॅलरीत उभं करा. आणि कुणाच्या ग्लासातला थेंब कॅनव्हासवर उडालाच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या टिश्यूने नुसतं टेकवून टिपा, घासायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चित्रकाराला फोन करा. नाहीतर सरळ चित्रापासून हातभर अंतरावर सतरंजीची कड आणून ठेवा. लोक आपोआप तिच्या अलीकडे थांबतात. हे मी संग्रहालयांवरून उचललंय.

ग्लास उंच निमुळते नसले तरी चालतील. उलट ट्यूलिपच्या आकाराचे, पोटात फुगीर असलेले पांढऱ्या वाइनचे ग्लास बरे, नाक आत जातं. ते कडकडीत पाण्याने धुवा, साबणाचा अंश राहू देऊ नका, नाहीतर फेस बसतो. आणि मऊ, जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसा. हे फडकं मी सोवळ्यासाठी सांगत नाही. कापसाचे डोळ्यांना न दिसणारे तंतू काचेला चिकटून राहतात आणि बुडबुडे तिथूनच जन्माला येतात. रँस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर आयुष्यभर हेच मोजतायत. न पिता ठेवलेल्या एका ग्लासातून साधारण दहा लाख बुडबुडे निघतात, असा त्यांचा हिशेब आहे. ग्लास दिव्यासमोर धरलात तर एखाद्या तंतूपासून मण्यांची सर वर जाताना दिसेल. पाहुण्यांपैकी कुणाला चित्राबद्दल बोलायची भीती वाटत असेल, तर त्याला ही सर दाखवा. पाच मिनिटं निवांत जातात.

खायला खारट आणि तळलेलं. बटाट्याचे पातळ काप, अळूवडी, खारे काजू. तेल आणि मीठ या वाइनला फार आवडतं. अळूवडीत गूळ जरा हात आखडून घाला. मिसळ नको, नाशिककर असलात तरी नको, बुडबुड्यांनी तिखट आणखी चढतं. पेढे आणि केक शॅम्पेन संपल्यावर, कारण गोडावर ब्रूट घेतली की ती फक्त आंबट लागते. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा केक कापून लगेच ग्लास उंचावण्याचा फोटो सुंदर येतो, चव मात्र वाया जाते.

सासूबाईंना कोकम द्या. आगळ, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड, आणि सोडा अगदी त्यांच्यासमोर, आयत्या वेळी. त्याच ग्लासात, स्टीलच्या पेल्यात नव्हे. आंबट आहे, बुडबुडे आहेत, मिठामुळे जिभेवर रेंगाळतंही. तुमच्या चित्राबरोबर ते ब्रूटइतकंच जमेल, आणि हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाही.

फजितीचं विचारलंत. ‘हे काय आहे?’ असं कुणी म्हणालं तर उत्तर द्यायची घाई करू नका. ‘तुम्हाला पहिल्यांदा आलात तेव्हा काय दिसलं होतं, आणि आता काय दिसतंय?’ असं विचारा, पण दुसऱ्या ग्लासानंतर. चित्रकाराला फोन करून त्याने आधी राखाडी लावला की पिवळा, तेवढं मात्र विचारून ठेवा. चित्रकार ‘अर्थ’ विचारला की कंटाळतात, ‘कसं केलं’ विचारलं की खुलतात. पिवळा सगळ्यात खालचा थर निघाला आणि राखाडीतून खरवडून तो वर आणलेला निघाला, तर संध्याकाळभर पुरेल इतका विषय झाला. आणि चित्राचं पहिलं बोलणं सासूबाईंना करू द्या. त्र्यंबकचा पाऊस ज्यांनी ब्याऐंशी वर्षं अंगावर घेतलाय, त्यांनी राखाडीत तो ओळखला तर आपण कोण हरकत घेणारे? त्यांची खुर्ची चित्रासमोर मधोमध ठेवा, सोफा बाजूला सरकवा.

शॅम्पेन उरायची नाही, पण नाशिकची उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवण्याचा उपाय कुणीतरी हमखास सांगेल. त्याचा काही उपयोग नाही. या बाटल्यांसाठी चिमट्याचं झाकण मिळतं, ते लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, उरलेल्या अळूवड्यांबरोबर, दोघंच बसून संपवा.